विहिरीत काळी माती लागली म्हणजे खाली तेल आहे का?

मे महिन्यात आमच्या शेजारच्या आबांनी विहीर खणायला घेतली. रत्नागिरीपासून फार लांब नाही आमची वाडी, सगळा जांभ्याचा सडा. पहिले पंचवीस-तीस फूट जांभा, मग पांढरट शेडवासारखी माती आणि त्याच्या खाली एकदम काळीकुट्ट, चिकट, गंधकाचा वास मारणारी माती लागली, मधेमधे चक्क लाकडाचे काळे तुकडे, साल ओळखू येईल असे. कामगारांनी व्हिडिओ काढला, संध्याकाळपर्यंत तो तीन तालुक्यांत फिरला आणि दुसऱ्या दिवशी आबांच्या अंगणात माणसं, "खाली तेल आहे म्हणतात, खरं काय?" आणि दोघंतिघं तर जमिनीचा भाव विचारायला आलेले.

मी काही वर्षं समुद्रातल्या ड्रिलिंग रिगवर मड लॉगिंगला होतो, म्हणजे खालून वर येणारा दगडाचा चुरा तपासायचं काम, त्यामुळे आबांनी मला हाक मारली, "तू ह्यातला ना, बघ रे जरा काय प्रकार आहे." त्या दिवशी ओट्यावर बसून जे सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण असे व्हिडिओ दर एक-दोन वर्षांनी येतातच आणि माणसं त्यावर विश्वास ठेवून जमिनीचे निर्णय घेतात ते मला बघवत नाही.

ही काळी माती आहे तरी काय

ही माती म्हणजे लिग्नाइट आणि लिग्नाइट मिसळलेला चिखल. लिग्नाइट म्हणजे कच्चा कोळसा, अजून लाकूडपण न सुटलेला. रत्नागिरीपासून खाली सिंधुदुर्गापर्यंत किनाऱ्याजवळ जांभ्याखाली असे थर ठिकठिकाणी लागतात, एकोणिसाव्या शतकातल्या भूगर्भशास्त्राच्या नोंदींतही विहिरी खणताना निघालेल्या ह्या थरांचा उल्लेख आहे, म्हणजे आबांच्या विहिरीत काही अघटित झालेलं नाही. हे थर मायोसीन काळातले मानतात, म्हणजे साधारण सव्वादोन कोटी ते पन्नास लाख वर्षांपूर्वीचा काळ. तेव्हा इथे खाड्या, दलदल, झाडी होती, आज आपल्या खाडीत तिवरांच्या मुळाशी जो काळा वास मारणारा चिखल असतो ना, तसाच. त्या चिखलात हवा शिरत नाही म्हणून पालापाचोळा पूर्ण कुजत नाही, तसाच गाडला जातो. वरून माती पडत राहिली आणि तो दबला.

आता तेलही शेवटी अशाच गाडल्या गेलेल्या जीवांपासून होतं, हे खरंच आहे, त्यामुळे लोकांची शंका अगदीच हवेतली नाही. पण गाडलं गेलेलं आणि तेल झालेलं ह्यात फार मोठं अंतर आहे आणि ते अंतर मोजायच्या टेस्ट असतात.

तेल दगडात तयार कसं होतं

एक शब्द लक्षात ठेवा, केरोजेन. मेलेले जीव आणि वनस्पती गाळात दबल्या की त्यांचं जे घट्ट, कशात न विरघळणारं द्रव्य उरतं ते केरोजेन. ज्या दगडात ते भरपूर असतं त्याला स्रोत खडक म्हणतात, मी पुढे सरळ 'आईचा दगड' म्हणेन, कारण तेलाचा जन्म तिथे होतो.

हा दगड खोल खोल जातो तसा तापतो. जमिनीत साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता वाढते. ६० अंशांच्या आसपास केरोजेन फुटायला लागतं, १२० ते १५० अंशांपर्यंत तेल सुटत राहतं, त्याच्या वर गेलं की मुख्यतः गॅस. म्हणजे दोन ते चार-पाच किलोमीटर खोलीवर, लाखो-कोटी वर्षं मंद आचेवर.

म्हणून लॅबमध्ये आईच्या दगडाला तीन प्रश्न विचारतात: माल किती आहे, कसला आहे आणि किती शिजलाय. तिन्हींची उत्तरं बरोबर आली तरच पुढचं बोलायचं.

माल किती आहे

पहिली टेस्ट टीओसी, म्हणजे दगडात सेंद्रिय कार्बन किती टक्के. दगड दळतात, आधी हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतात, मग जाळून निघालेला कार्बन मोजतात. ॲसिड कशाला? कारण शिंपल्यातही कार्बन असतो पण तो चुन्यातला, त्याचं तेल होत नाही. समुद्रातल्या दगडात कालवं-तिसऱ्यांसारख्या जीवांचा चुना खच्चून भरलेला असतो, तो काढला नाही तर रिपोर्ट उगाच फुगतो. चुन्यावर लिंबू पिळलं की फसफसतं ना, तसा तो फसफसून निघून जातो.

अर्ध्या टक्क्याच्या खाली टीओसी असेल तर माल फाटका, १ ते २ टक्के चांगला, ४ च्या वर उत्तम. बघा किती थोडं लागतं! शंभर किलो दगडात दोन किलो कार्बन असला तरी तो चांगल्यात मोडतो. आणि आबांच्या काळ्या मातीत? लिग्नाइटमध्ये सहज ३०-४० टक्के निघू शकतो. इथेच लोक उड्या मारतात. पण ही फक्त पहिली पायरी आहे.

कसला आहे: काजू आणि आठळी

लहानपणी आपण सगळ्यांनी काजूच्या बिया विस्तवात भाजल्यात. बी तापली की टरफलातून तेल सुटतं, फुरफुर पेटतं, हात काळे होतात, कातडी जळते. आणि त्याच विस्तवात फणसाची आठळी टाका, ती भाजते, तडकते, वाफ सोडते, तेल मात्र थेंबभरही नाही. दोन्ही बियाच, दोन्हींत कार्बन, पण एकीत तेल आणि दुसरीत पीठ.

केरोजेनचंही तसंच आहे आणि फरक हायड्रोजनचा आहे. तेल म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन एकमेकांना धरून. ज्या मालात हायड्रोजन जास्त तो तेल देतो. तळ्यातल्या शेवाळाचं केरोजेन पहिल्या प्रकारचं, सगळ्यात तेलकट. समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं, म्हणजे प्लँक्टनचं, दुसऱ्या प्रकारचं, जगातलं बरंचसं तेल ह्यातून आलंय. लाकूड, खोड, मुळं ह्यांचं तिसऱ्या प्रकारचं, ते मुख्यतः गॅस देतं. चौथा प्रकार म्हणजे आधीच जळलेलं किंवा हवेने खाल्लेलं, त्यातून काहीच नाही. (पानांवरचं मेण, राळ, बीजाणू हे जमिनीवरच्या झाडांचेच भाग पण हायड्रोजनने बरे असतात, हे पुढे कामाला येणार आहे.)

हे मोजायचं मशीन म्हणजे रॉक-इव्हॅल, फ्रान्समधल्या पेट्रोलियम संस्थेत १९७० च्या दशकात तयार झालं आणि आज जगभर हेच वापरतात. काम अगदी काजू भाजण्यासारखं. चिमूटभर, १०० मिलिग्रॅमच्या आसपास दळलेला दगड छोट्या भट्टीत ठेवायचा, आत हवा येऊ द्यायची नाही, नाहीतर सगळं जळून जाईल. आधी ३०० अंशांवर तीन मिनिटं. जे तेल आधीच तयार होऊन दगडात बसलंय ते उडून येतं, त्याला एस-१ म्हणतात. मग दर मिनिटाला २५ अंश असं वाढवत सहाशेच्या आसपास न्यायचं, आता केरोजेन स्वतः फुटतं आणि जे निघतं ते एस-२, म्हणजे हा दगड अजून किती देऊ शकतो त्याची ताकद. सोबत निघणारा कार्बन डायऑक्साइड एस-३.

लोक विचारतात की जमिनीत १०० अंशांवर होणारं काम भट्टीत ५०० वर का? कारण जमिनीकडे कोटी वर्षं आहेत आणि लॅबकडे अर्धा तास. वेळ नसला की आच वाढवावी लागते.

मग एस-२ ला टीओसीने भागून १०० ने गुणायचं, हा हायड्रोजन इंडेक्स, साध्या भाषेत मालाचा तेलकटपणा. समजा एका करड्या शेलमध्ये, शेल म्हणजे चिखलाचा पापुद्र्यांचा दगड, टीओसी २ आणि एस-२ आहे ८, तर इंडेक्स ४००. आणि एका काळ्या मातीत टीओसी ४० आणि एस-२ निघाला ४०, तर इंडेक्स फक्त १००. ३०० ते ६०० असेल तर तेल देणारा माल, ५० ते २०० असेल तर गॅसवाला, ५० च्या खाली मेलेला. म्हणजे दिसायला साधा करडा दगड काजू निघाला आणि कोळशासारखी काळी माती आठळी! रंगावरून काही ठरवू नका असं मी आबांना दहा वेळा सांगितलं ते ह्यासाठी.

किती शिजलाय

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि नेमका हाच व्हिडिओत कधी येत नाही.

आढीत घातलेला हापूस आठवा. आधी काढला तर आंबट, वेळेवर काढला तर सोनं, विसरलात तर पाणी सुटलेलं. आईचा दगडही तसाच, कच्चा असेल तर तेल अजून सुटलेलंच नाही, बरोबर पिकला तर तेल आणि फार पुढे गेला तर तेलाचाही गॅस झालेला.

पिकणं मोजायच्या दोन-तीन रीती आहेत. एक त्याच भट्टीत, एस-२ सगळ्यात जास्त कुठल्या तापमानाला सुटलं ते बघायचं, त्याला टीमॅक्स म्हणतात. सोपे बंध जमिनीतच फुटून गेलेले असतील तर उरलेले फोडायला जास्त आच लागते, म्हणून टीमॅक्स जास्त म्हणजे दगड जास्त शिजलेला. साधारण ४३५ अंशांच्या खाली असेल तर कच्चा, ४३५ ते ४७० च्या दरम्यान तेलाचा काळ, त्याच्या वर गॅस.

दुसरी रीत मायक्रोस्कोपची. दगडातला लाकडाचा बारीक तुकडा, त्याला व्हिट्रिनाइट म्हणतात, आरशासारखा घासून त्यावर प्रकाश टाकायचा आणि किती टक्के परत येतो ते मोजायचं. जितका शिजला तितका चमकतो. ०.६ टक्क्यांच्या आसपास तेल सुरू, १.३ पर्यंत संपत येतं, २ च्या वर नुसता कोरडा गॅस. लिग्नाइट ०.४ च्याही खाली असतं.

तिसरी मला फार आवडते. दगडातले कोट्यवधी वर्षांपूर्वीचे परागकण आणि बीजाणू वेगळे काढून त्यांचा रंग बघायचा. कांदा परतताना कसा आधी पिवळसर, मग बदामी, मग तपकिरी आणि लक्ष नसलं की काळा, अगदी तोच क्रम, आणि सवयीचा माणूस नुसत्या रंगावरून सांगतो की दगड किती तापला होता.

आता आबांच्या विहिरीकडे या. चाळीस फुटांवर लागलेल्या मातीत लाकडाची साल ओळखू येतेय, म्हणजे ती आढीत घातलेलीच नाही, झाडावरची कैरी आहे. तिला अजून दोन-तीन किलोमीटर खाली जावं लागेल.

पण मुंबई हाय तर आपल्याच समुद्रात आहे ना?

आहे, आणि इथेच खरी गंमत आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ओएनजीसीच्या सागर सम्राट रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं आणि आजही तिथून पाइपलाइन उरणला येते. तिथलं तेल मिळतं ते मुख्यतः मायोसीन काळातल्या चुनखडीच्या दगडात. पण ती चुनखडी आई नाही, ती फक्त कोठार आहे, सच्छिद्र, आपल्या जांभ्यात पावसाचं पाणी मुरून बसतं तशी. आई खाली आणि बाजूच्या खोल खळग्यांत आहे, पन्ना नावाचा थर, साधारण साडेसहा ते पाच कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात काय आहे? काळा शेल आणि कोळसा! दलदलीचा, खाडीचा, झाडपाल्याचा माल, मगाशी म्हटलं ते मेण-राळवालं मटेरियल सोबत.

म्हणजे मुंबई हायची आई आणि आबांच्या विहिरीतली माती जवळपास एकाच कुळातल्या आहेत. फरक एवढाच की पन्नाचा थर खळग्यात खोल गेला, वर किलोमीटर-किलोमीटर गाळ पडला आणि तो शिजला, ह्या खळग्यांना तेलवाले 'किचन'च म्हणतात. आपला थर किनाऱ्यावर वरच्यावर राहिला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता.

आणि नुसतं शिजून भागत नाही. तेल आईतून सुटून वर सरकावं लागतं, वाटेत सच्छिद्र कोठार लागावं लागतं, त्याच्यावर चिकणमातीसारखं झाकण लागतं आणि कोठाराचा आकार उलट्या टोपासारखा लागतो, शिवाय टोप आधी तयार आणि तेल नंतर यायला हवं. एक जरी हुकलं तरी तेल समुद्रात निसटून जातं. म्हणून लॅब रिपोर्ट छान आला म्हणजे विहिरीला तेल लागलंच असं कुणी जाणता माणूस म्हणत नाही.

सॅम्पल घेतानाच खरी परीक्षा

लॅबचं मशीन कितीही भारी असो, हातात आलेला दगड खरा हवा. रिगवर ड्रिल करताना मड नावाचा चिखल पाइपातून खाली सोडतात, तो दगडाचा चुरा घेऊन वर येतो, शेकरच्या चाळणीवर तो चुरा पडतो आणि आम्ही दर पाच-दहा मीटरला पिशवी भरायचो, वर खोली लिहायची. आता दोन हजार मीटरवरचा चुरा वर यायला तासाच्या आसपास वेळ लागतो, तो हिशोब चुकला तर पिशवीवरची खोलीच खोटी. वरच्या भिंती ढासळून खालच्या चुऱ्यात मिसळतात ते वेगळंच.

एकदा आमच्या पिशव्यांचा एस-१ एकदम वर गेला. सगळे खूश. मी चुरा अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरला, त्या भागातलं तेल असेल तर तो पिवळा-सोनेरी चमकायचा, तर हा चमकला निळसर-पांढरा. तो वाढलेला एस-१ पाइपाच्या आट्यांना लावलेल्या ग्रीसचा होता. दोन दिवसांचे सॅम्पल टाकून द्यावे लागले आणि मला तेव्हा रडू आलं होतं, पण ते टाकले नसते तर पुढचा सगळा नकाशा चुकला असता. मडमध्ये डिझेल वापरलं असेल तर हाच घोळ आणखी मोठा. म्हणून जिथे परवडतं तिथे अख्खा दंडगोल कापून वर काढतात, त्याला कोअर म्हणतात, तो महाग पण त्याच्यावर भरवसा ठेवता येतो.

मग विचार करा, कामगाराने बादलीत आणलेली माती, पंपाच्या डिझेलच्या डब्याशेजारी ठेवलेली, तिचा रिपोर्ट काय येणार?

"पण पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो!"

हा आक्षेप आबांच्या वहिनींनी घेतला आणि तो रास्त होता. आपल्या जांभ्यात लोखंड भरपूर, ते पाण्यात उतरतं आणि लोखंडावर जगणारे जिवाणू पाण्यावर इंद्रधनुषी पापुद्रा धरतात. ओळखायचं सोपं आहे, काडीने हलवा. पापुद्रा काचेसारखा तुटून तुकडे वेगळे राहिले तर तो जिवाणूंचा. लगेच वळून परत एकत्र आला तर तेल, आणि तेही बहुतेक वेळा पंपाचंच. आम्ही काडी फिरवली, तुकडे झाले.

"बुडबुडे येतात आणि काडी लावली की पेटतात"

हे होऊ शकतं. कुजणाऱ्या सेंद्रिय चिखलातले जिवाणू मिथेन तयार करतात, गोबरगॅसमध्ये होतं तेच. खोलवर शिजून झालेला गॅस आणि हा कुजून झालेला गॅस, दोन्हींत मिथेनच, पण कार्बनच्या हलक्या-जड अणूंचं प्रमाण वेगळं असतं आणि लॅब ते ओळखते, कुजलेल्यात हलका कार्बन जास्त.

पण कृपा करून काडी लावून बघू नका. आणि अशा मातीच्या विहिरीत कुणालाही तसंच उतरवू नका, अशा मातीत ऑक्सिजन कमी होतो, विषारी वायू साचतात, माणूस हाक मारायच्या आत खाली पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत मिथेन असेल तिथे उलट स्फोटाला निमंत्रण आहे. आधी ब्लोअरने हवा सोडा, गॅस मीटर भाड्याने मिळत असेल तर आणा, कमरेला दोर बांधा. ह्या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

गरम पाण्याचे झरे आहेत, मग खाली शिजत असेलच?

तुरळ, राजापूरचं उन्हाळे, दापोलीकडचं उन्हवरे, गरम झरे आपल्याकडे खूप. पण ते पाणी भेगांतून खोल जाऊन तापून परत येतं, त्याने वरच्या चाळीस फुटांवरची माती शिजत नाही. शिवाय किनाऱ्याखाली बहुतेक ठिकाणी बसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात केरोजेन नसतंच. बसाल्टच्या खाली जुना गाळ दबलेला असू शकतो, कच्छ-सौराष्ट्राकडे तसा आहे आणि त्याचा अभ्यासही होतोय, पण खालचं बघायला ज्या कृत्रिम भूकंपलहरी सोडतात त्यांना लाव्हाचे थर विस्कटून टाकतात त्यामुळे खालचं चित्र धूसर येतं, काम कठीण. आणि खाली दक्षिणेला वेंगुर्ल्याकडे तर बसाल्ट विरळ होत जाऊन त्याहून कितीतरी जुने दगड उघडे पडलेत, त्यांचा ह्या काळ्या मातीशी संबंध नाही.

आणि समजा खरंच निघालं तर?

भाव विचारायला आलेल्यांसाठी हे. आपल्या देशात जमीन तुमची असली तरी खालचं तेल तुमचं होत नाही, ते सरकारचं, समुद्रातलं तर राज्यघटनेच्या २९७ व्या कलमाने केंद्राचं. मालकाला जमिनीच्या वापराची भरपाई मिळते, तेलाची नाही. तेव्हा "तेल निघणार आहे, आत्ताच द्या" किंवा "आत्ताच घ्या" म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला चहा द्या आणि कागदावर सही करू नका.

आबा हे सगळं ऐकून थोडे हिरमुसले, मग म्हणाले, "मग ह्या मातीचं करू काय?" मातीचं काही नको, पण पाण्याचं बघायला हवं. ह्या काळ्या मातीत पायराइट असतं, लोखंड आणि गंधकाचं खनिज, गंधकाचा तो वास अशाच मातीचा. ते हवेला उघडं पडलं की आम्ल तयार होतं, पाणी आंबट आणि लोखंडी होतं, पाइप खातं, भात लावला तर रोपं पिवळी पडतात. म्हणून खणलेला ढीग विहिरीच्या काठावर न ठेवता लांब नेऊन टाकायला सांगितला, काळ्या थराच्या उंचीला सिमेंटच्या रिंगा घट्ट बसवायला सांगितल्या म्हणजे पाणी वरच्या जांभ्यातूनच झिरपेल आणि पाणी भरल्यावर एक लिटरची स्वच्छ बाटली भरून पीएच, लोह आणि सल्फेट तपासायला द्यायचं ठरलं. बाटली मीच घेऊन जाणार आहे.